सरावाची आग

फेब्रुवारीत आम्ही डोंगर जाळायला शिकतो,
ऑगस्टात तो जळू नये म्हणून.
पहाटे सहाला व्हॅन निघते
मोंडेगो नदीच्या वरच्या अंगाला.
मागच्या बाकावर कुदळी, दंताळी, पाठीवरचे पंप,
आणि झुल्मिराच्या आईनं दिलेला मक्याचा पाव
फडक्यात, अजून कोमट.

देओलिंदा बाई शिकवतात.
पहिल्या दिवशी टेबलावर त्यांनी वाळूचा डोंगर केला,
पाइनच्या सुया म्हणजे जंगल,
निळी सुतळी म्हणजे ओढा,
बाटलीचं बूच म्हणजे घर.
"ह्या बुचात कोण राहतं?"
आम्ही वारा सांगितला, उतार सांगितला,
टँकर कुठून वळेल तेही सांगितलं.
बाई थांबून राहिल्या.
शेवटी कुणीतरी पुटपुटलं,
एक म्हातारी. तिला ऐकू कमी येतं.
"हां," बाई म्हणाल्या, "आता नकाशा काढा."

आग चढावर धावते, उतारावर रांगते,
हे पुस्तकात आहे.
इलीदियो पुस्तकात नाही.
पंच्याऐंशीचा, शेळ्या राखणारा,
त्याच्या बापानं, आज्यानं हीच टेकडी
कोवळ्या चाऱ्यासाठी दर हिवाळ्यात जाळली,
कुणाला न विचारता.
आता त्यानं जाळली तर दंड,
आम्ही जाळली तर प्रमाणपत्र.
हे सांगून तो बोळकं उघडून हसतो
आणि बाई त्याचं बोलणं वहीत उतरवून घेतात:
मातीत बोट खुपसायचं.
दुसऱ्या पेरापाशी ओल लागली तर मुळं वाचतात.

आज झुल्मिराची पाळी.
प्रमुख ती,
आम्ही चौदाजण तिच्या हाताकडे बघत.
आर्द्रता पंचेचाळीस, वारा ताशी आठ,
जाळरेषा कालच खणलेली,
टँकर भरलेला, गावात निरोप गेलेला,
कागदावर रकान्यारकान्यात बरोबरची खूण.
मशालींना डिझेलचा वास.

ती मात्र खाली बघत होती.
गावातल्या एका धुराड्यातून धूर सरळ वर आला
आणि चेस्टनटच्या शेंड्याएवढ्या उंचीवर
आडवा झाला,
कुणी वरून तळहात दाबून धरावा तसा.
आम्ही पाय बदलले.
कुणी खोकलं.
मागून आवाज आला, पुढच्या आठवड्यात तारीख मिळणार नाही.
"झाकण आहे," ती म्हणाली, "उठलं की वारा उठेल.
आज नाही."

मशाली पेटल्याच नव्हत्या,
तरी आम्ही त्या पुसून ठेवल्या.
तीन आठवड्यांची तयारी.
शेजारच्या तालुक्यातून आलेल्या टँकरवाल्यानं
दार असं आपटलं की शेळ्या दचकल्या.

अकराला धूर सुटा झाला.
वारा आला. फार नाही,
झुल्मिराचे दोन कागद उडाले, एवढाच.
पेटवलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं.
ती ते कागद गोळा करत काट्यांत शिरली
आणि बराच वेळ पाठमोरीच राहिली.

बाईंनी शेरा दिला नाही.
केस वर बांधले की त्यांच्या डाव्या कानामागे
भाजल्याची गुळगुळीत खूण दिसते.
त्या दिवसाबद्दल त्या एकदाच बोलल्या होत्या,
चुलीशी बसून बोलावं तशा, सावकाश:
"नाही म्हणायला माझ्याकडे अर्धं मिनिट होतं.
ते मी वॉकी-टॉकीवर
परवानगी मागण्यात घालवलं."
नावं सांगितली नाहीत. तीन बोटं दाखवली,
मग हात खिशात घातला.

पाव आता गार झाला होता.
इलीदियोनं खिशातून चीज काढलं,
सगळ्यांत जाडी चकती झुल्मिराला,
आणि म्हणाला, माझ्या शेळ्यांचे आभार घे,
त्यांचं जेवण वाचलं.
'जाळलेलं क्षेत्र' ह्या रकान्यात
तिनं शून्य लिहिलं,
पेन नीट उठेना म्हणून पुन्हा गिरवलं.

परतताना व्हॅनमध्ये
कुणाच्याच कपड्यांना धुराचा वास नव्हता.
काचा बंद करून बसलो होतो आम्ही,
आणि एकमेकांचा घाम
पहिल्यांदाच आला नाकाला.